‘येतो’ म्हणायचं नाही

गजभिये यांनी सात वर्षांत माझं दोनदा ऐकलं, आणि दोन्ही वेळा ऐकायला नको होतं.

एरवी त्या माणसाशी घासाघीस करणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी लंडनच्या पूर्व टोकाला, इल्फर्डला कार्पेट आणि फ्लोअरिंगचं दुकान चालवतो. बार्शीहून आलो तेव्हा हॉटेलात भांडी घासत होतो. आज जे काही आहे ते समोरच्याचा ‘नाही’ मनावर न घेता उभं केलं आहे. कोणी नाही म्हणालं की माझ्यासाठी बोलणं सुरू होतं. गजभिये नाही म्हणाले की ते संपायचं. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, आणि पहिल्याच दिवशी रागही आला.

आमचा एक मराठी ग्रुप होता. पिनरची, इल्फर्डची, कार्डिफची काही माणसं हिवाळ्यात आणि वसंतात डोंगर चढायला जायची. गजभिये त्यांचे पुढारी. कोणी नेमलेले नव्हते, पण नकाशा कायम त्यांच्याच गळ्यात असायचा. मूळ नागपूरचे, इंदोऱ्याचे. कार्डिफच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते. बुटके, रुंद खांद्यांचे. डोक्यावर बायकोने विणलेली निळी टोपी. भेटल्यावर ‘जय भीम’ म्हणायचे. पहिलं वर्षभर मी त्यावर नुसती मान हलवली. त्यांनी ते पाहिलं होतं आणि तरी दर वेळी तेवढ्याच मोठ्याने म्हणायचे.

पहिली भेट वेल्समधल्या एका कार पार्कमध्ये. फेब्रुवारी, अजून उजाडत होतं. मी रात्रीच निघून इल्फर्डहून गाडी हाणत आलो होतो. त्यांनी माझे बूट पाहिले, पाठीवरची सॅक पाहिली आणि विचारलं, "क्रॅम्पॉन कुठे आहेत?" क्रॅम्पॉन म्हणजे बर्फात रुतायला बुटाखाली बांधायचे खिळे. मी म्हटलं, आणले नाहीत, पण त्या पिनरच्या पाहुण्यांकडे दोन जोड दिसतात.

"एक त्यांचा, एक राखीव. राखीव तुमच्या मापाचा नाही."

"मग असं करू. त्यातला एकच मी डाव्या पायात घालतो. अर्धा धोका तुमचा, अर्धा माझा."

"शेठ," ते म्हणाले, "तुम्ही उजव्या पायावर घसरले तर डावा काय मागे थांबून राहील का?"

सगळे हसले. मला गाडीत बसवून मंडळी वर गेली. सहा तास मी काचेवरची वाफ पुसत बसलो आणि त्या माणसाला काय काय बोलायचं ते ठरवलं. दुपारी ते उतरले, सरळ माझ्या गाडीपाशी आले आणि स्टीलचा डबा पुढे केला. दोन पोळ्या आणि झुणका. निम्मा डबा त्यांनी वर खाल्लाच नव्हता. "तुम्ही खाल्लं नसेल," एवढंच म्हणाले. ठरवलेलं सगळं मी पोळीबरोबर गिळलं. पण ‘शेठ’ हे नाव मला त्या दिवशी चिकटलं ते चिकटलंच.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर, ते माणसं मोजायचे. थिएटरमध्ये पोट शिवण्याआधी नर्स कापसाचे बोळे मोजते, एक कमी भरला तर सर्जनलाही थांबवते. तसं ते दर थांब्यावर प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजायचे. आम्ही तिघेच असलो तरी एक, दोन, आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून तीन. सकाळी हिमस्खलनाचा फोरकास्ट ते स्वतः वाचत नसत. दर वेळी वेगळ्या माणसाला उभं करून मोठ्याने वाचायला लावत. एकदा मला लावला. मी म्हटलं, तुम्ही वाचलाय ना, मग झालं.

"मी वाचला म्हणून तुम्ही मानणार?"

"तुम्ही जाणकार आहात."

"बुद्धाला नाही मानायचं असं डोळे मिटून, मी तर साधा नर्स आहे. वाचा."

वर गेल्यावर ते उतारात फावड्याने खड्डा खणायचे, बर्फाचा एक खांब मोकळा कापायचे आणि त्यावर फावडं ठेवून तळहाताने थापायचे. दहा वेळा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला वरचा थर सरकतो ते पाहायचं. एकदा तो तिसऱ्या थापेलाच खणाच्या फळीसारखा सुटून माझ्या मांडीवर आला. मी म्हटलं, म्हणजे किती टक्के धोका? ते म्हणाले, "टक्के नाही मिळत जी. हा थर आणि हा थर एकमेकांना धरून नाहीत, एवढंच कळतं. आता त्यावर तुम्ही उभे राहणार का, सांगा."

वसंतात तर ते जास्तच कडक व्हायचे. लोकांना वाटतं हिवाळा संपला, ऊन पडलं, आता सोपं. ते म्हणायचे, ऊनच वैरी. रात्री बर्फ गोठतो, पहाटे दगडासारखा असतो, तेव्हा चालून घ्यायचं. दहानंतर वरचा थर भिजायला लागतो. उतारावरून लाडवाएवढे बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले की समजायचं, डोंगर हलायच्या बेतात आहे. कड्याच्या टोकाला वाऱ्याने बाहेर काढलेला बर्फाचा छज्जा असतो, त्याच्या वर जायचं नाही आणि खालीही रेंगाळायचं नाही. धोक्याचा उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी नजर ठेवायची. आणि मध्ये थांबायचं नाही. बुटाचा बंद सुटो, फोन वाजो, मध्ये थांबायचं नाही. हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल.

आणि तो शब्द.

सायली म्हणून एक मुलगी ग्रुपमध्ये होती. पुण्याची, पिनरला राहायची, सॉफ्टवेअरमध्ये. एकदा धुक्यात ती मागून "मी येते हं" म्हणाली आणि आडोशाला गेली. पुढच्याला वाटलं, ती येते आहे. वीस मिनिटांनी मोजणीत एक कमी. गजभिये शिट्टी वाजवत मागे धावले. सापडल्यावर तिला रागावले नाहीत. सगळ्यांना गोल उभं केलं आणि म्हणाले, "आजपासून डोंगरावर येतो म्हणायचं नाही. जाणारा जातो म्हणेल, येणारा येतो म्हणेल."

"काका, ‘जाते’ कसं म्हणायचं?" सायली म्हणाली. "माझी आई फोन ठेवताना पण म्हणू देत नाही. सो अनलकी!"

"खाली उतरल्यावर शंभरदा येते म्हण. आमच्या हॉस्पिटलात एक मराठी आजोबा होते. नर्सला म्हणाले, ‘आय विल कम,’ आणि चपला घालून निघाले. ती बिचारी ताट झाकून वाट पाहत बसली. आजोबा बसस्टॉपवर सापडले. गाउनमध्ये! मागून उघडा असतो तो."

खूप हसलो आम्ही. पण नियम पाळणं जड गेलं. जीभच वळायची नाही. चाळीस-पन्नास वर्षांची सवय. मी दर ट्रिपला चुकायचो आणि ते दर वेळी वळून म्हणायचे, "शेठ, येता की जाता?"

खाली आल्यावर इतर लोक फोटो टाकायचे. गजभिये ग्रुपवर एक मेसेज लिहायचे, त्याचा मथळा कायम एकच: ‘आज काय चुकलं.’ सुरुवात स्वतःपासून. ‘मी हातमोजे काढून नकाशा पाहिला, बोटं बधिर झाली, नंतर गाठ सोडता येईना.’ दुसऱ्याची चूक असली तर नाव घालत नसत, चूक मात्र पूर्ण लिहीत. मला ते आवडायचं नाही. दुकानदार आपला खराब माल काचेत मांडतो का?

माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला आम्ही स्कॉटलंडला गेलो. डोंगराचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. एप्रिल होता. आईने बार्शीहून कोणाबरोबर तरी पेढे पाठवले होते. ते शिखरावर वाटायचे आणि तिथून तिला व्हिडिओ कॉल करायचा, असं मी महिनाभर ठरवत होतो. शिखर डोळ्यांसमोर होतं. मध्ये एकच बर्फाचा उतार, त्यावर ऊन. गजभियेंनी नेहमीप्रमाणे सगळ्यात नव्या माणसाला आधी विचारलं. त्यांचं म्हणणं, वडीलधारे आधी बोलले की आपली पोरं ‘नाही’ म्हणत नाहीत. नवा मुलगा म्हणाला, "मला नको वाटतंय." झालं. एकाचा नकार पुरे, हाही त्यांचाच नियम.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. पंधरा मिनिटं मागितली, मग दहा, मग म्हटलं मी एकटा जातो, तुम्ही इथून पाहा. त्यांनी तोवर पाठ फिरवून सॅक बांधली होती. खाली कार पार्कमध्ये उभा राहून मी संध्याकाळपर्यंत त्या उताराकडे पाहिलं. एक गोळासुद्धा घरंगळला नाही.

"पाहा!" मी ओरडलो. "काही झालं का? झालं का काही?"

"नाही झालं," ते म्हणाले आणि थर्मासचं झाकण माझ्यापुढे धरलं. "चहा घ्या."

मी चहा घेतला नाही. वर्षभर ग्रुपमध्ये फिरकलो नाही. पेढे हॉटेलच्या कचऱ्यात टाकले, हेही त्यांच्याच खात्यावर मांडलं. अपमान झाला की मी विसरत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि धंद्यात तो उपयोगी पडला आहे. ते मात्र दर महिन्याला फोन करायचे. डोंगराचं काढायचे नाहीत. दुकान कसं आहे, गुडघा कसा आहे. मार्चमध्ये म्हणाले, "शेठ, मी आता रिटायर होऊन राहिलो. एप्रिलात चला. तुमचा तो डोंगर राहिला आहे."

आम्ही तिघेच गेलो. ते, मी, सायली. पहाटे गोठलेल्या बर्फावरून कुरकुर करत चढलो, नऊला तो उतार ओलांडला, दहाच्या आत शिखरावर. ठरलं होतं, सव्वादहाला निघायचं. आईला फोन लावला तर रेंज येईना. खडकावर चढून, हात वर करून, तीन वेळा प्रयत्न केला. सव्वादहा झाले. मी म्हटलं, "पंधरा मिनिटं द्या."

त्यांनी घड्याळ पाहिलं. आकाश पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "दहा."

सायलीने चमकून माझ्याकडे पाहिलं. मला काय वाटलं ते खरं सांगतो: फोनचं विसरलो, सौदा जिंकल्यासारखं वाटलं. सात वर्षांनी भिंत बोलली होती. आईचा फोन लागला, तिने टोपीतल्या गजभियेंना पाहून विचारलं, "हे कोण रे?" मी म्हटलं, "आमचे सर." ते वाकून स्क्रीनमध्ये म्हणाले, "जय भीम, आई." आई म्हणाली, "जय भीम, बाबा. पोराला सांभाळा."

उतारापाशी परत आलो. त्यांनी काठी खुपसली. वरची चार बोटं मऊ, खाली अजून टणक. म्हणाले, आत्ता लगेच गेलो तर जमेल, नाहीतर धारेवरून दीड तासाचा वळसा. सायलीला आधी विचारलं. ती म्हणाली, "चालेल." त्याआधी तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं होतं. साठ-सत्तर पावलांचा उतार. "जाते," म्हणून ती गेली आणि पलीकडे खडकाआड सुरक्षित उभी राहिली. मग "जातो," म्हणून ते निघाले. शेवटचा मी.

ते मध्यावर गेले असतील तेव्हा माझ्या लक्षात आलं, थर्मास मागच्या खडकावर राहिला. वीस पावलं मागे. मी वळलो आणि वळता वळता ओरडलो, "येतो!"

दुसरं काही नाही. घरातून दूध आणायला निघताना म्हणतो तसं. येतो.

मागून त्यांचा आवाज आला, "थांबा!" मी वळून पाहिलं. ते मध्यावर उभे होते. चालायचे थांबले होते, तोंड माझ्याकडे, एक हात वर. त्यांना वाटलं, मी त्यांच्या मागोमाग बर्फावर पाय टाकतो आहे. दोघांचा भार नको म्हणून मला अडवायला ते तिथे थांबले, जिथे थांबायचं नाही असं त्यांनी आयुष्यभर सांगितलं. मी बर्फावर नव्हतोच. मी खडकांत होतो, थर्मासकडे तोंड करून.

त्यांच्या डोक्यावर पंधरा-वीस हात उंचीवर एक रेघ उमटली. आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या वाळूचा ट्रक रिकामा करावा तसा. निळी टोपी दोनदा दिसली.

छातीपर्यंत गाडले गेले होते. ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा होतो, फावडं लागत नव्हतं. सायलीने तोंडासमोरचा बर्फ हाताने काढला, तिची दोन नखं निघाली. मी खणत होतो आणि शिव्या देत होतो, कोणाला ते माहीत नाही. जीव वाचला. पण खडकावर आपटून पाठीचा मणका तुटला होता. कमरेखाली पुन्हा काही हललं नाही.

ग्रुपमध्ये चर्चा झाली. व्हायचीच. सायलीने दहा मिनिटांचं सांगितलं, कारण तिला तेवढंच माहीत होतं. माझा शब्द वाऱ्यात तिच्यापर्यंत पोचला नव्हता, त्यांचं ‘थांबा’ तेवढं तिने ऐकलं होतं. पिनरचे एक गृहस्थ म्हणाले, "सरांचं वय झालं होतं. स्वतःचं घड्याळ मोडलं आणि वर मध्येच थांबले. जे पोरांना शिकवलं तेच विसरले." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. पुढे जो भेटेल त्याला मीच सांगत सुटलो, त्यांनी दहा मिनिटं द्यायला नको होती. कोणाला दिली नाहीत ती मलाच का दिली? खरंच राग होता तो. खोटा नव्हता. पण खाली जे होतं त्याच्यावर तो मी पसरून ठेवला होता. कार्पेट पसरणं हाच माझा धंदा.

जूनमध्ये मी कार्डिफला त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत पलंग आणला होता, खिडकीशी व्हीलचेअर, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. सुनंदावहिनी चहा ठेवताना स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "भाऊ, पाय गेल्याचं ते बोलत नाहीत. एकच विचारत राहतात, मी मध्ये का थांबलो? त्यांना तो दिवस आठवतच नाही. दिवसभर कागदावर तो उतार काढतात आणि मध्ये फुली मारतात. तुम्ही होते ना तिथे. तुम्हाला काही दिसलं का?"

मी चहाचा कप घेऊन बाहेर आलो. मांडीवर पाटी, पाटीवर कागद, कागदावर फुली. टोपी तीच.

"जय भीम," मी म्हटलं. आधी मी.

"जय भीम, शेठ. गुडघा कसा आहे?"

त्या प्रश्नाने मला फोडलं. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. थर्मास, वीस पावलं, येतो. ते हातात पेन धरून ऐकत होते. मध्ये त्यांनी एवढंच विचारलं.

"तुम्ही बर्फावर पाय ठेवला होता?"

"नाही."

"एकही?"

"नाही. मी मागे चाललो होतो."

त्यांनी पाटी जवळ ओढली. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं, मग मीही काहीतरी बोललो असतो, दोघांचं भांडण झालं असतं, आणि भांडण मला जमतं. त्यांनी फुलीच्या शेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि पेनला टोपण लावलं.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही."

"वहिनींना सांगा तुमच्या. ती फार काळजी करून राहिली." मग थोड्या वेळाने, "हे ग्रुपवर लिहा, शेठ. आज काय चुकलं. नाव नका घालू. शब्द घाला. आपल्याच लोकांकडून होणारी चूक आहे ही, कुठल्या इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही."

मी म्हटलं, लिहितो, पण थोडा वेळ द्या. दुकानाचं जरा… लोक काय म्हणतील… थोडं शांत होऊ द्या. मला वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शिखरावर पाहिलं होतं तसंच.

"बरं," ते म्हणाले.

ही दुसरी वेळ. वहिनींना मी त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला कप घेतला, धुतला, पालथा घातला आणि बाहेर आल्या नाहीत. ग्रुपवर मात्र लिहिलं नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. दर आठवड्याला लिहायला बसायचो आणि शिखरावरच्या त्या दहा मिनिटांच्या पुढे गाडी जायची नाही. ऑक्टोबरात त्यांना फुप्फुसाचा संसर्ग झाला आणि चार दिवसांत ते गेले. पिनरच्या गृहस्थांनी शोकसभेत चांगलं भाषण केलं. त्यातही ती दहा मिनिटं होती, ‘एका क्षणाची चूक’ म्हणून. मी दुसऱ्या रांगेत बसून ऐकलं. त्यांनी मला मुदत द्यायला नको होती. अजूनही रागच येतो. आज हे लिहितो आहे, नाव घालून लिहितो आहे. यात एवढाच मी त्यांच्याशी वाद घातला.

जूनमधल्या त्या दिवशी निघताना मी दाराशी थांबलो होतो. तोंडात शब्द आला तो मागे ढकलला आणि म्हटलं, "जातो."

त्यांनी व्हीलचेअर वळवली.

"घरातून निघताना जातो म्हणतात का, शेठ? इथे बर्फ नाही."

"येतो," मी म्हटलं.

"हां. या," ते म्हणाले. "येताना लिहून आणा."